नवीन टीव्ही घेताय? आधी घरातली भिंत मोजा, मग राजारामपुरीत जावा

टीव्ही घ्यायचा म्हटलं की आपल्याकडं कोल्हापुरात सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती इंची घेऊ आणि कुठल्या कंपनीचा घेऊ. मग संध्याकाळी राजारामपुरी नाहीतर शाहूपुरीत गाडी लावायची, दोन-तीन दुकानं फिरायची आणि ओळीनं लावलेल्या टीव्हींमधला जो सगळ्यात जास्त झळाळतोय तो ठरवून टाकायचा. माझं म्हणणं आहे की हे उलट्या बाजूनं करा. दुकानातलं चित्र बघून टीव्ही निवडायचाच नाही, कारण दुकानात चालू असतो डेमो, म्हणजे कंपनीनं मुद्दाम शूट केलेला समुद्र, फुलं, रंगीत पक्षी, वर ब्राइटनेस आणि रंग फुल्ल चढवलेले, आणि तुम्ही घरी बघणार काय तर केबलवरची मालिका, बातम्या, मॅच आणि यूट्यूब. म्हणून पहिलं काम घरात, दुकान नंतर.

आधी टेप घ्या आणि हॉल मोजा. दोन मापं पाहिजेत, जिथं टीव्ही लावणार त्या भिंतीची मोकळी रुंदी आणि तिथपासून तुम्ही बसता तिथं तुमच्या डोळ्यापर्यंतचं अंतर. मागच्या भिंतीपर्यंतचं नाही, डोळ्यापर्यंतचं, कारण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफाच अडीच-तीन फूट खातो आणि हातात सात-साडेसात फूट उरतात. इंच म्हणजे स्क्रीनचं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, त्यामुळं ४३ इंची टीव्ही रुंदीला साधारण ९५ सेंटिमीटर भरतो, ५५ इंची १२२ आणि ६५ इंची १४४ सेंटिमीटर. फोर-के, म्हणजे लय बारीक ठिपक्यांचं चित्र बघणार असाल तर ह्या तिरक्या मापाच्या दीडपट अंतर छान जमतं, म्हणजे ४३ ला साडेपाच फूट, ५५ ला सात फूट आणि ६५ ला आठच्या जरा वर. आकडे वाचून अंदाज येत नाही म्हणून एक करा, पुढारीची जुनी पानं जोडून १२२ बाय ६९ सेंटिमीटरचा कागद करा (हा ५५ इंचीचा साइज) आणि भिंतीला चिकटवून दोन दिवस तसाच राहू दे. जाता-येता दिसतंय की दार उघडल्यावर कागदाला लागतंय का, स्विचबोर्ड मागं झाकला जातोय का, आणि रोजच्या जागेवर बसून तो डोळ्यात मावतोय का. गणपतीत मखर कुठं बसतं तेही आठवा, बऱ्याच घरांत गौरी-गणपती आणि टीव्ही एकाच भिंतीवर हक्क सांगतात, आणि एकदा भिंतीला ठोकलेला ६५ इंची टीव्ही पाच दिवसांसाठी कोण काढणार.

त्याच वेळी उजेड कुठनं येतोय ते बघून ठेवा. टीव्हीच्या बरोबर समोर खिडकी किंवा रस्त्याकडचं दार असेल तर दुपारी स्क्रीनवर चित्रापेक्षा तुमचा हॉलच जास्त दिसणार, अशा घरात लय चकचकीत काचेचा टीव्ही नको. आणि कोण कुठं बसतं ते पण बघा. आपल्या पेठांतल्या जुन्या घरांत सोपा (पुढची बसायची खोली) लांबट असतो, आजी कोपऱ्यातल्या दिवाणावर, पोरं खाली, आई स्वयंपाकघराच्या दारातनं तिरकी बघणार. ह्या तिरक्या बघणाऱ्यांसाठी पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, वेगळं लागतं, ते खाली सांगतो.

आता तुम्ही बघता काय हे खरंखुरं लिहून काढा, कारण साइज आणि पैसे दोन्ही ह्यावर ठरतात. साध्या एसडी चॅनलचं चित्र असतं ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं आणि फोर-के टीव्हीचं ३८४० बाय २१६०. हिशेब केला तर टीव्हीला एका ठिपक्यातनं २० ठिपके तयार करायचे असतात, त्यातले १९ टीव्ही अंदाजानं भरतो. म्हणून घरी केबलचं एसडी पॅकेज असताना ६५ इंची आणला की पहिल्याच संध्याकाळी घरातले म्हणतात, जुन्यावर ह्याच्यापेक्षा बरं दिसत होतं! आणि ते बरोबरच म्हणत असतात, छोट्या स्क्रीनवर तीच खोट लपत होती. एसडी चॅनलच जास्त चालणार असतील तर ४३ घ्या नाहीतर आधी बॉक्स एचडी करा. ओटीटी जास्त बघत असाल तर ५५ बिनधास्त घ्या, फक्त नेट बघा, फोर-के साठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस स्पीड सांगतं आणि ते फोर-के त्यांच्या सगळ्यात महागड्या प्लॅनमध्येच मिळतं. एट-के चा विषय सोडून द्या, त्यात बघायला काही नाही अजून.

पॅनलच्या नावांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ह्या तिन्हींत मूळ वस्तू एकच, एलसीडी पॅनल आणि त्याच्या मागं दिवे. क्यूएलईडी मध्ये क्वांटम डॉटचा थर असतो त्यानं रंग जास्त भरीव येतात, मिनी एलईडी मध्ये मागचे दिवे बारीक आणि भरपूर असतात आणि ते वेगवेगळ्या भागांत कमी-जास्त करता येतात म्हणून काळा रंग जास्त काळा दिसतो आणि उजेडपण भरपूर. ओलेड पूर्ण वेगळं, त्यात मागं दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो, त्यामुळं रात्री दिवे घालवून सिनेमा बघणाऱ्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही आणि बाजूनं बघितलं तरी रंग तेच. पण ज्या घरात सकाळपासनं रात्रीपर्यंत मराठी न्यूज चॅनल चालू असतं तिथं ओलेड नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. खालची ब्रेकिंगची लाल पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो वर्षानुवर्षं एकाच जागी पेटत राहिला की त्याचा डाग पॅनलवर कायमचा बसू शकतो. अशा घराला बजेट असेल तर मिनी एलईडी, नसेल तर चांगला साधा एलईडी बेस्ट.

साध्या एलईडीत परत दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीए मध्ये समोरनं बघताना काळा रंग दाट येतो पण बाजूला सरकलं की चित्र फिकं पडतं, आयपीएस मध्ये बाजूनं पण ठीक दिसतं पण अंधारात काळा रंग राखाडी वाटतो. समोर तीन माणसं बसणार असतील तर व्हीए, अख्खं घर इकडंतिकडं पसरून बघणार असेल तर आयपीएस. दुकानात हे विचारलं तर बऱ्याचदा उत्तर मिळत नाही, विचारायची गरजपण नाही, चार पावलं बाजूला जाऊन बघा, लगेच कळतंय.

आता मॅच. कोल्हापुरात टीव्ही घेताना फुटबॉल बाजूला ठेवून चालणारच नाही, वर्ल्ड कप आला की पेठापेठांत झेंडे लागतात, कटआउट उभे राहतात, आणि एरवी सुद्धा रात्री-अपरात्री युरोपातल्या मॅच बघणारी पोरं घराघरांत आहेत. फुटबॉलमध्ये टीव्हीची खरी परीक्षा होते, कारण कॅमेरा सारखा आडवा फिरतो आणि सगळीकडं हिरवं गवत. हलक्या पॅनलवर कॅमेरा फिरला की गवत सपाट हिरवा रंग होऊन जातं आणि लांब पास मारला की बॉलच्या मागं शेपटी दिसते किंवा दोन बॉल दिसतात. ह्यासाठी विचारायचं रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नवं होतं, आणि तो पॅनलचा खरा किती ते विचारायचं. ६० हर्ट्झ का १२० हर्ट्झ, बास. खोक्यावर २४०, ४८० असले जे मोशनचे आकडे छापलेले असतात ते कंपनीचे स्वतःचे हिशेब, त्यावर जाऊ नका. मॅच आणि गेम दोन्ही जोरात चालणार असतील तर १२० ला पैसे घालणं योग्य, बाकीच्यांचं ६० वर छान भागतं. आणि ते मोशन स्मूद करायचं सेटिंग असतं ना (सोनीत मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन), ते मॅचला थोडं ठेवा आणि सिनेमाला बंद करा, नाहीतर सिनेमासुद्धा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो.

एवढं घरी ठरलं की मग दुकान. दुपारी जावा, संध्याकाळच्या गर्दीत तुम्हाला कोणी नीट दाखवणार नाही. जाताना पेनड्राइव्हवर स्वतःच्या मोबाइलनं काढलेले दोन-तीन व्हिडिओ टाकून न्या, जे तुम्ही डोळ्यांनी प्रत्यक्ष बघितलंय तेच. जोतिबाच्या चैत्र यात्रेचा गुलालाचा व्हिडिओ असेल तर त्याच्यासारखी टेस्ट नाही. गुलाल कसा दिसतो ते आपल्याला पाठ आहे, हवेत उडालेला फिका, अंगावर बसलेला दाट, पायरीवर साठलेला जांभळट. डेमोच्या सेटिंगवर लावलात तर हे सगळं मिळून एकच भडक गुलाबी थर होतो, आतल्या माणसांचे कपडेसुद्धा त्यात बुडतात. मग रिमोट मागून घ्या, पिक्चर मोड व्हिव्हिड वरनं काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर वर टाका आणि परत लावा. पहिली दोन मिनिटं चित्र पिवळट आणि मेलेलं वाटेल, थांबा जरा, डोळ्याला सवय झाली की मग बघा गुलालाच्या छटा वेगवेगळ्या दिसतात का, माणसाच्या चेहऱ्याचा रंग चेहऱ्यासारखा आहे का. ज्या टीव्हीवर ह्या मोडमध्ये पण सगळं नीट दिसतं तो टीव्ही चांगला, ह्यात मला तरी कधी शंका वाटलेली नाही.

त्यानंतर म्हणायचं, "दादा, सेटटॉप बॉक्सवरचं साधं चॅनल लावा." दुकानदार जरा कुरकुर करेल, करू दे, पैसे तुमचे चाललेत. मालिका लावा, बातम्या लावा, मॅच चालू असेल तर मॅच. जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा लागला असेल तर सोन्याहून पिवळं, कारण ते सिनेमे चाराला तीन मापाचे, जवळजवळ चौकोनी. स्वस्त टीव्ही नाहीतर चुकीचं सेटिंग ते ताणून अख्ख्या स्क्रीनभर करतं आणि सगळे नट बुटके-जाडे दिसायला लागतात. बाजूला काळ्या पट्ट्या ठेवून बरोबर मापात दाखवायचं सेटिंग रिमोटवर सहज सापडतंय का बघा. मग अंधाराचा एखादा सीन लावून शक्य असेल तर वरचा दिवा घालवायला सांगा, वरच्या-खालच्या काळ्या पट्ट्या खरंच काळ्या आहेत का कोपऱ्यात ढगासारखे पांढरट डाग आहेत ते तेव्हाच दिसतं.

एचडीआर (उजेड आणि अंधार दोन्हींतले बारकावे दाखवायची पद्धत) बद्दल थोडक्यात. जवळजवळ प्रत्येक खोक्यावर एचडीआर लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल समजतो एवढाच. खरा फरक दिसायला उजेड पाहिजे, २५०-३०० निट्सच्या (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) टीव्हीवर एचडीआर चालू केलं तर उलट चित्र अंधारं वाटतं, ६०० च्या पुढं गेलं की मजा यायला लागते. डॉल्बी व्हिजनच (एचडीआरचा एक प्रकार) पाहिजे असा हट्ट असेल तर सॅमसंग बाजूला ठेवा, ते त्यांच्यात नसतं, ते एचडीआर टेन प्लस देतात. ह्या एका गोष्टीवरनं टीव्ही ठरवू नका मात्र.

मागची भोकं मोजा. एचडीएमआय तीन तरी पाहिजेत, एक सेटटॉप बॉक्सला, एक साउंडबारला, एक काठी (ओटीटी बघायला मागं खोचतात ती स्टिक) नाहीतर गेमसाठी, आणि साउंडबारच्या भोकावर एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारला पाठवायची सोय) लिहिलेलं असतं ते बघून घ्या. भिंतीला लावणार असाल तर भोकं कडेला तोंड करून असलेली बरी, सरळ मागं असली की वायर भिंतीला दाबली जाते. घरी डीडी फ्री डिशचा जुना बॉक्स असेल आणि त्याला लाल-पांढरी-पिवळी पिन असेल तर नव्या टीव्हीला ती बसते का हे आधी विचारा, हल्ली कित्येक टीव्हींना ती जागाच नसते. आवाज पातळ टीव्हीत दमदार येत नाही, स्पीकर खाली तोंड करून असतात आणि संवाद दबतात, म्हणून सगळं बजेट टीव्हीतच संपवू नका, थोडं साउंडबारला ठेवा.

स्मार्ट फीचरला लोक उगीच फार महत्त्व देतात. पॅनल नीट वापरलं तर वर्षानुवर्षं टिकतं, सॉफ्टवेअर मात्र त्याच्या लय आधी म्हातारं होतं. हळू पडलं तर मागं एक काठी लावायची आणि पुढं चालायचं. फक्त दोन गोष्टी बघा, रॅम २ जीबी च्या खाली नको आणि नेटफ्लिक्स, प्राइम, जिओहॉटस्टार ही ॲप टीव्हीत अधिकृत चालतात का ते समोर उघडून दाखवायला सांगा, कारण अनोळखी कंपन्यांच्या स्वस्त टीव्हींवर अँड्रॉइड असं लिहिलेलं असतं पण आत अधिकृत गुगल टीव्ही नसतो आणि मग मोबाइलवरनं कास्ट करत बसायला लागतं.

मॉडेल पसंत पडलं की मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर फोटो काढून घ्या, शेवटच्या अक्षरासकट. एकाच सिरीजमध्ये ५० इंचीला वेगळं पॅनल आणि ५५ इंचीला वेगळं असं होतं, आणि दिसायला सारख्या दोन टीव्हींमध्ये शेवटच्या दोन अक्षरांचा फरक म्हणजे कधीकधी मागच्या वर्षीचा माल. त्याच नंबरनं घरी येऊन ऑनलाइन किंमत बघा आणि मग दुकानदाराशी बोला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरनं १८ टक्के झालाय, त्यामुळं त्याच्या आधीची जुनी किंमत दाखवून मोठी सूट दिल्यासारखं कोणी बोलत असेल तर भुलू नका. नो कॉस्ट ईएमआय म्हणतील, तेव्हा रोखीनं किती ते वेगळं विचारा, प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी कार्डावर नंतर येतो.

ऑनलाइन का दुकानातनं, ह्यावर घराघरांत वाद होतात. दोनपाच हजाराच्या फरकासाठी मी दुकानाच्या बाजूनं आहे, टीव्ही ही काचेची वस्तू, आणि काही झालं तर जाऊन उभं राहायला जागा पाहिजे. पण घ्यायच्या आधी एक फोन करा, दुकानात नाही, कंपनीच्या कस्टमर केअरला, आणि तुमचा पिनकोड सांगून विचारा की सर्व्हिसचा माणूस कोल्हापुरातनं येणार का पुण्यावरनं. कागल, गारगोटी, राधानगरीकडं राहणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय पैसेच देऊ नका. वॉरंटीत पॅनल किती वर्षं धरलंय ते कार्डावर वाचा, तोंडी नको. बाहेरनं मार लागून पॅनल फुटलं तर ते कुठल्याच साध्या वॉरंटीत बसत नाही आणि नवीन पॅनलची किंमत जवळपास नव्या टीव्हीएवढीच सांगतात. पक्कं बिल घ्या, त्यावर सिरीयल नंबर पाहिजेच. पुढं दाद मागायची वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि तिथं पहिलं बिलच विचारतात.

भिंत कशाची आहे ते फिटिंगवाल्याला आधीच सांगा. पेठांतल्या जुन्या मातीच्या जाड भिंतीत साधा प्लग धरत नाही, आणि ५५ इंची टीव्ही वजनाला १२ ते १८ किलो जातो, तिथं प्लायचं पॅनल मारून नाहीतर सरळ टेबलावर ठेवलेला बरा. उंची म्हणाल तर बसल्यावर डोळ्याच्या समोर स्क्रीनचा मध्य आला पाहिजे, सोफा असेल तर जमिनीपासनं साधारण १०० ते ११० सेंटिमीटर. फोटोफ्रेमसारखा वर टांगू नका, मान धरते आणि व्हीए पॅनल खालनं बघितलं की रंगपण उतरतात. ज्यांच्या गल्लीत २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं, कुंभार गल्ली असो, सुतारवाडा असो, त्यांनी भिंतीला असंच ब्रॅकेट लावा ज्यातनं दोन माणसांनी पटकन टीव्ही वर उचलून काढता येईल, आणि माडीवर नेताना तो उभाच न्या, आडवा धरला की स्वतःच्या वजनानं पॅनलला तडा जाऊ शकतो. शक्य असेल तर खोकं आणि थर्माकोल टाकू नका.

स्टॅबिलायझर घ्या म्हणून दुकानात आग्रह होतो. टीव्हीच्या मागं १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर त्याची सहसा गरज नाही, चांगला स्पाइक गार्ड आणि नीट अर्थिंग असलेला प्लग पाहिजे. वळीव यायला लागला, ढग गडगडायला लागले की मात्र पिन काढायची, आणि नुसती लाइटची नाही तर डिशची आणि नेटची वायरपण, कारण वीज छतावरच्या डिशमधनं सुद्धा आत येते. विजेनं जळालेलं वॉरंटीत सहसा धरत नाहीत. आणि जुलैच्या जोरदार पावसात नो सिग्नल आलं तर टीव्हीला दोष देऊ नका, डिशचा सिग्नलच पावसात गळतो.

टीव्ही घरी आला की भिंतीला चढवायच्या आधी टेबलावर ठेवून चालू करा. यूट्यूबवर नुसता पांढरा, नुसता करडा, नुसता काळा असे स्क्रीन टेस्टचे व्हिडिओ मिळतात, ते लावून जवळनं बघा, मेलेला ठिपका नाहीतर कडेला रेघ दिसली तर फिटिंगवाल्यासमोरच तक्रार नोंदवा. ऑनलाइन मागवला असेल तर खोकं उघडताना व्हिडिओ काढाच. ब्रॅकेटचे पैसे वेगळे का त्यातच हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

जुन्या टीव्हीचं पण बघा. मागं डबा असलेला पिक्चर ट्यूबचा असेल तर त्याच्या काचेत शिसं असतं, तो ओढ्याकाठी फोडायला जाऊ नये. ई-कचऱ्याचे जे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत त्यांत जुन्या मालाची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे, म्हणून एक्स्चेंजमध्ये द्या नाहीतर कंपनीला फोन करून कुठं जमा करायचा ते विचारा. जुना स्मार्ट टीव्ही असेल तर देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट मारा, नाहीतर तुमचं यूट्यूब आणि गुगल अकाउंट दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात चालू राहतंय.